उघडा फोल्डर

तांडेलकाकांच्या मेंदूचा डावा भाग तासाभरात मरणार होता. तिथले आठवणींचे फोल्डर केतकीची स्क्रिप्ट भराभर उजव्या भागात हलवत होती. शेवटी 'हिरा' नावाचा एकच उरला आणि तो काही हलेना. केतकी हटली नाही. तिने चारदा आज्ञा दिली.

"मावशी, काका तुमचाच विचार करताहेत," ती त्यांच्या बायकोला म्हणाली. "उघडा फोल्डर हलत नाही. त्यांनी क्षणभर तुम्हाला विसरायला हवं."

हिराबाईंनी नवऱ्याच्या मुठीतून हात सोडवून घेतला आणि दारात जाऊन त्या ओरडल्या, "अवो, दोर सुटला! होडी चालली!"

काका दचकले. केतकीने त्याच क्षणी कळ दाबली आणि फोल्डर सरकला.

काकांनी दाराकडे मान वळवली.

"हिरे," ते म्हणाले, "खोटं बोलतेस."