दोन मिनिटं उशिरा आलेला चहा

साडेनऊची घंटा झाली. मेंढ्यांची लोकर कातरणारे बारा जण यंत्रं बंद करून, पाठी चोळत बाहेर आले, आणि टेबलावर चहाच नव्हता!

तो दोन मिनिटांनी आला. स्वयंपाकीण ग्लेनिस किटली घेऊन धापा टाकत आली. तिच्या मुलीचं, केलीचं, आज सिझेरियन होतं, चारशे किलोमीटरवरच्या इस्पितळात. या माळावर फोनला रेंज मिळते ती फक्त टेकडीवर. ग्लेनिस गाडी दामटत तिथे जाऊन आली होती, पण फोन कुणी उचललाच नव्हता.

"दोन मिनिटं!" डार्सी घड्याळ नाचवत म्हणाला. हा कामगार संघटनेचा माणूस. "कायद्याने अर्धा तास आहे आपला. बापजाद्यांनी संप करून मिळवलाय, कुणी फुकट नाही दिला!"

"अरे, तिची पोर अडलीये तिकडे," कुणीतरी म्हणालं.

"पोरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

तत्त्वाचा प्रश्न आला की डार्सीपुढे कुणाचं काही चालत नाही. काम बंद पडलं. मेंढ्या बें बें करत राहिल्या आणि बारा बाप्ये निलगिरीखाली बसून विश्रांतीच्या हक्कावर बोलू लागले. आता बोलून घसा सुकणारच. ग्लेनिसने तीनदा चहा केला, दोनदा केक कापला, जेवण वाढलं, भांडी घासली. जीव सगळा त्या टेकडीवर लागलेला, पण मान वर करून तिकडे बघायलाही तिला सवड मिळाली नाही.

तिने मुकादम वॉरिककडे हळूच अर्धा तास मागून पाहिला. "हे लोक एकदा कामाला लागू देत, मग बघू," तो म्हणाला. ते कामाला लागले की तिला पुढच्या चहाच्या तयारीला लागायचं होतं. पण हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

अखेर मागणीचा कागद लिहायला घेतला. कप भरता भरता ग्लेनिस वाकून म्हणाली, "नुसतं 'कातरणाऱ्यांना' काय लिहितोस रे डार्सी? 'इथल्या प्रत्येक कामगाराला' लिही. भारदस्त वाटतं."

डार्सीला ते फारच आवडलं. त्याने ते लिहिलं, उभं राहून दोनदा वाचून दाखवलं, आणि आपल्यालाच सुचलं अशा थाटात मिशी पुसली. प्रत्येक कामगाराला, घंटा होताच, पूर्ण अर्धा तास सुट्टी. वॉरिकने वैतागून सही ठोकली. टाळ्या पडल्या. एक वाजता यंत्रं पुन्हा सुरू झाली.

तीनची घंटा झाली तशी ग्लेनिसने एप्रन सोडून खुंटीला अडकवला आणि गाडीची किल्ली घेतली.

"अगं, चहा?" बाराही जण दारात.

"घंटा झाली ना? मग माझीही झाली," ती म्हणाली आणि गेलीसुद्धा.

डार्सी तणतणत मुकादमाकडे धावला. वॉरिकने खिशातला कागद काढून त्याच्या हातात दिला आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

टेकडीवर पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "आई, मुलगी झाली! थांब, ऐक तिला." ग्लेनिसने ऐकलं आणि गाडीला टेकून मनसोक्त रडली.

खाली सुट्टी संपल्याची घंटा झाली, तेव्हा बाराही जण अजून चहापत्तीचा डबा शोधत होते.