बेहड्याची सावली

दुबलगुंडीच्या माळावरचं रान प्लॉट पाडायला तोडलं, त्याला सहा वर्षं झाली. आता तिथं चुना फासलेले हद्दीचे दगड तेवढे उरले होते. तरी इरप्पाची मेंढरं भर दुपारी जुन्या बेहड्याच्या उघड्या जागेवरच कोंडाळं करून बसायची. यंदाची कोकरंसुद्धा. त्यांनी तर तो बेहडा पाहिलाही नव्हता.

आज सून श्रीदेवी भाकरी घेऊन आली. "मामा, असं उनात कामून हुबारलाव?" म्हणत ती मेंढरांत शिरली आणि थबकली. "हिथं गार कामून लागायलंय?"

"चप्पल काढ आदी," इरप्पा हळूच म्हणाला.

बेहड्याखाली टेकण्याआधी बुंध्यावर दोनदा काठी ठोकायची, म्हणजे ढोलीतल्या पोपटांना माणूस आल्याचं कळतं, ही त्याच्या बापाची रीत. सहा वर्षांत त्यानं ती पाळली नव्हती. ठोकणार कशावर?

आता त्यानं काठी उचलली आणि समोरच्या मोकळ्या हवेत बेतानं ठोकली.

ठक्. ठक्.

डोक्यावर, रित्या आभाळात, पंखांची एकदम फडफड उठली.

"आमीच हाव रे," इरप्पा वर बघत म्हणाला. "उडू नका."