नळकांड्यातली काठी

मे संपत आला की आमच्या सुपीरियर सरोवराकाठच्या गावात घरोघरी एकच काम निघतं: बर्फ फेकायचं यंत्र साफ करून उन्हाळ्यापुरतं ठेवून द्यायचं. बाबांनी ते नेमकं आजच काढलं, शाळेच्या नाचाच्या दिवशी!

"यंत्र शेडमध्ये गेल्याशिवाय गाडीची किल्ली मिळणार नाही, सेन्या," असं म्हणाले. वर "नळकांड्यात हात नको, काठीच घाल!" हे पालुपद.

मी काठीला चिंधी बांधली, पुढच्या हिवाळ्यात आत बर्फ चिकटू नये म्हणून तिला स्कीचं मेण फासलं आणि बर्फ उडतो त्या नळकांड्यात वरून खुपसली. काठी अडकली.

"ओढ की! सौनाच्या वाफेत बसून बसून मऊ पडलीस काय?" अंगणाच्या पार त्या टोकाला बसून बाबा पात्यांना ग्रीस लावत होते.

पाती त्यांच्याकडे, म्हणजे यंत्राच्या पोटात काहीच नव्हतं. मी वाकून समोरून बघितलं. काठीचं टोक आत मोकळं लोंबत होतं, चिंधी वाऱ्यावर हलत होती.

पुन्हा उभी राहून ओढली. वीतभर वर आली आणि कुणी खेचावी तशी परत आत गेली.

माझे केस व्हायचे होते, ड्रेसची इस्त्री राहिली होती, आणि मी इथे एका काठीशी रस्सीखेच खेळत होते! डोकंच फिरलं.

"ए, सोड ना आता!" मी नळकांड्यात तोंड घालून ओरडले.

काठी सुटली, पण सावकाश, एकेक बोट काढून घ्यावं तशी.