चारची बोट

सेवास्तीने मागावरचा धोटा फेकता फेकता पुन्हा दाराकडे पाहिलं. आई उंबऱ्यात ठाण मांडून पाहुणे मोजत होती.

"बावीस," आई म्हणाली. "चारच्या बोटीने बावीसच परत जातील."

रोजचंच हे. सकाळच्या बोटीने आलेले पाहुणे डोंगरावरच्या या गावात चढायचे, सेवास्तीचा भरतकामाचा पोशाख आणि माग बघायचे, भट्टीतला पाव खायचे. मग आंधळे मिनास आजोबा गुडघ्यावर तीन तारांची लिरा ठेवून गज ओढायचे, पाहुणे टाळ्या पिटायचे आणि खुशाल निघून जायचे. सेवास्ती जागच्या जागी. गावच्या रिवाजाने थोरली लेक म्हणून घर तिचं. आईने किल्ली दिली की मरेपर्यंत ती त्या घराची आणि त्यातल्या म्हाताऱ्यांची. गावातल्या बायका तिला भाग्यवान म्हणायच्या. तिचा जीव गुदमरायचा.

किल्ली अजून आईच्या कमरेला होती, तोवर निघायला हवं होतं. लोकरीच्या पेटीत तळाशी पाहुणे विसरून गेलेला सैल झगा, गवती टोपी आणि काळा चष्मा तिने महिनाभर दडवला होता. आज लिरा सुरू झाली की कपडे बदलायचे आणि घोळक्यात मिसळायचं. आजोबांची काळजी नव्हती. आई होतीच.

भीती होती ती आईचीच. परवा तिने सहज विचारलं होतं, "काय गं, परतताना बोटीवर तिकीट बघतात का?"

"नाही बघत," सेवास्ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

अंगणात लिरा सुरू झाली. सेवास्ती उठणार, तोच आई आत आली.

"भट्टीतला पाव करपेल. जा, काढून आण. मागावर मी बसते."

नाही म्हणायची सोय नव्हती. भट्टी गल्लीच्या टोकाला, त्यात शेजारणीने बोलण्यात अडकवलं. पाव घेऊन ती धावत आली तेव्हा पाहुणे बंदरावर नेणाऱ्या बसकडे उतरू लागले होते. अजून गाठता आले असते.

मागावर कोणी नव्हतं. बरंच झालं, असं म्हणत तिने पेटी उघडली.

"अर्खोंदूला," अंगणातून आजोबांनी आईला हाक मारली, "पाव आण गं, भूक लागली."

पेटीत झगा नव्हता. टोपी नव्हती, चष्मा नव्हता. तळाशी आईचा डोक्याला बांधायचा काळा रुमाल नीट घडी करून ठेवला होता, आणि त्यावर घराची किल्ली.