करंगळीएवढ्या सारमा

डॉक्टरीणबाईंनी देसांकाच्या बोटांचे सुजलेले सांधे एकेक करून दाबले. "शंभरपैकी किती दुखतंय, काकू?"

"नव्वद."

मग बाईंनी तिनं आणलेला डबा उघडला. आंबवलेल्या कोबीच्या पानांत खिमा भरून वळलेल्या सारमा, सगळ्या करंगळीएवढ्या.

"इतक्या नाजूक सारमा वळता आणि म्हणे नव्वद? मी चाळीस धरते. मग नियमाप्रमाणे ते महागडं इंजेक्शन नाही मिळायचं हं."

देसांकानं नवऱ्याकडे पाहिलं. राडिसावनं उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर त्याचे दोस्त बसले होते, घरची भांडी घासणाऱ्या शेजाऱ्याला आठवडाभर चिडवणारे.

"चाळीसच धरा, बाई," तो म्हणाला.



आणि पहाटेपासून सारमा वळून कोबीचा आंबूस वास लागलेले हात त्यानं खिशात घातले.