उरलेला स्क्रू

"काकू, जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय."

जनसंपर्क अधिकाऱ्याने सांगताच आई भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिच्या हातात बाबांची पिशवी, बाबांची छत्री आणि बाबांच्या चष्म्याचं घर. बाबा मात्र इस्त्रीच्या शर्टात मधल्या खुर्चीवर, दिव्यांच्या झगझगाटात. शेजारी त्यांची इंजिनीअर मुलगी, आणि टेबलावर तिने बनवलेला रोबोट हात. ज्याचं मनगट वळत नाही त्याने तो आपल्या हातावर चढवायचा, की मनगट वळतं, कुलपात किल्ली फिरते, बरणीचं झाकण निघतं. एवढ्यासाठी तिची बारा वर्षं गेली होती. तिच्या संस्थेला त्यावर चार मिनिटांची फिल्म हवी होती आणि त्यातलं एक मिनिट लहानपणाचं. लहानपणाशिवाय शास्त्रज्ञ खपत नाही म्हणे.

"आठ वर्षांची होती," बाबा रंगात आले होते. "मी कामावरून घरी येतो तर काय, हिने माझा रेडिओ खोलून परत बसवलेला. आणि एक स्क्रू उरला! दुसरा बाप असता तर बदडून काढलं असतं. मी म्हटलं, शाबास. उद्या घड्याळ खोल. तेव्हाच ओळखलं मी, पोरगी नाव काढणार."

अधिकारी हसला. कॅमेरावालाही हसला. आईने पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे तिला ठाऊक होतं, पण तो वर बीळ कसं खणलं याची मुलाखत देतो, हे ती आज पाहत होती. तरीही तिने कॅमेऱ्यासाठी चेहरा हसरा ठेवला. चार मिनिटांचा तर प्रश्न होता.

"आता मॅडम तुम्ही," अधिकारी म्हणाला. "रोबोट म्हटलं की लोक चालणारे, बोलणारे बनवतात. तुम्ही मनगटच का धरलंत?"

उत्तर तिच्यासमोर कागदावर छापून ठेवलं होतं. 'बाबांनी माझं कुतूहल कधी मारलं नाही.' तिने कागद पालथा घातला.

"मी परत बसवलेला रेडिओ बंद पडला होता," ती म्हणाली. "उरलेला स्क्रू माझ्या मुठीत होता. बाबांनी विचारलं, कुणी उघडला? आई म्हणाली, मी. तिला त्यातले सेलसुद्धा बदलता येत नव्हते. बाबांनी तोच रेडिओ उचलून तिच्यावर फेकला. तिने तोंडासमोर हात धरला."

अधिकाऱ्याचं हसू तोंडावरच राहिलं, कारण ते कुठे ठेवावं हे त्याला सुचेना.

"काहीतरीच बोलतेस," बाबा म्हणाले. "हात तिचा जिन्यावरून पडून मोडला."

"आपल्या घराला जिना नव्हता, बाबा."

"मॅडम, हरकत नाही," अधिकारी घाईघाईने म्हणाला. "एवढं आपण कापू."

"कापू नका." तिने राग लपवला नाही. "तीस वर्षं कापूनच ठेवलंय."

बाबांनी खुर्चीवरूनच मान वळवली. त्यांना घाम फुटला होता, पण आवाज जुनाच होता, घरातला.

"अगं, तिथे काय उभी राहिलीस? सांग यांना, काय झालं होतं ते."

कॅमेरावाल्याने कुणी न सांगता कॅमेरा भिंतीकडे फिरवला.

आईने आधी पिशवी खाली ठेवली. मग छत्री. मग चष्म्याचं घर. तिचा डावा हात मनगटातून वाकडाच राहिला. ती उजेडात आली. तिची सावली आता बाबांच्या शर्टावर पडली होती, पण या वेळी तिला कुणी बाजूला व्हायला सांगितलं नाही. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, मुलीकडेही नाही.

"रेडिओ मी उघडला होता," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरीला काही बोलायचं नाही."