सलाइन की इंजेक्शन

साईनाथच्या चौथीतल्या लेकीची हाडं पुन्हा सुजली होती, गोळ्यांनी भागत नव्हतं. डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले: दर तीन महिन्यांनी मुंबईच्या रुग्णालयात सलाइनमधून औषध, नाहीतर पंधरवड्याला घरीच इंजेक्शन. दोन्ही चालतील, उद्या कळवा, म्हणाले. परतताना कर्जतला लेकीसोबत जीपची वाट पाहताना साईनाथ चारदा उठला, बसला. त्याच रुग्णालयात वर्षापूर्वी त्याची बायको वारली होती. “इंजेक्शनच घेऊ,” तो म्हणाला. “मला सलाइन पायजे, बाबा.” “येडी हायस का गं? दिवसभर पडून ऱ्हावं लागंल.” “ऱ्हाईन. तिथल्या सिस्टर आईच्या गोष्टी सांगतात. तुमी भायेरच उभे असता, घरातबी तिचं नाव घेत नाय.” जीप आली, भरली, गेली. “काय सांगतात?” त्यानं विचारलं. “आई तुमच्या घोरण्याची नक्कल करायची.” साईनाथनं फोन लावला. “डॉक्टर, सलाइनच द्या. मला आत बसू देतील ना?”